आस

जाळ्याच्या भोकाला आमच्याकडे आस म्हणतात.
बाबा तो बोटांनी मोजतात.
मी शाळेत जायला लागले तेव्हा चार बोटं,
दादा गल्फला गेला तेव्हा तीन,
आता दोन,
आणि दुसरं घालताना नायलॉन कातडीत रुततो.

निवती बंदरावर पहाटे मी लाकडी पट्टी घेऊन बसते.
रत्नागिरीच्या कॉलेजचं काम. शंभर मासे, शंभर ओळी.
तोंडापासून शेपटीच्या बेचक्यापर्यंत लांबी,
वजन, मग पोट दाबून बघायचं
गाबोळी आहे का.
तारामती खवणेकर लिलाव पुकारता पुकारता ओरडते,
'मोजून काय वाढतले गो ते?'

वाढत नाहीत.
सात वर्षांच्या वह्या एकावर एक ठेवल्या
तर इसवण दर वहीत नखभर आखडलेली.
गाबोळी पूर्वी दोन हात लांब बाईच्या पोटात असायची,
आता हातभर पोरीच्या.

बाबा म्हणतात, 'मासो शाणो झालो.'
नाही, बाबा. कोणी शहाणं झालं नाही.
शहाणे आणि वेडे, दोघेही तव्यावर गेले.
जे बारीक होते ते आसातून गेले,
घाईघाईने आया झाले,
आणि त्यांची पोरं त्यांच्यावर गेली.
एवढंच. यात कोणाचं डोकं नाही.
दर्याने काही ठरवलं नाही.
बोटं तुमची होती,
आणि तुम्हालाही ठाऊक नव्हतं काय निवडताय.
मोठे काढून घेतलेत,
म्हणजे बारीक पेरलेत.

दहावीला हा धडा होता.
मेस्त्रीबाई जिराफाच्या मानेपर्यंत आल्या आणि थांबल्या,
पुढचं परीक्षेला येत नाही म्हणून.
आमच्या वाडीत जिराफ नव्हता.
खाडीच्या चिखलात निवटा होता,
कल्ल्यात पाणी धरून, डोळे वर काढून बसलेला,
अर्धा इकडचा, अर्धा तिकडचा.
आम्ही त्याला दगड मारायचो.

पुढे कॉलेजच्या सरांनी चहा पिता पिता सांगितलं,
तारामतीची हाक माझ्या कानात जी हाडकं पोचवतात
ती कधीकाळी माशाच्या जबड्यापाशी होती.
त्या सकाळी मला लिलाव ऐकवेना.
टोपलीतली प्रत्येक उघडी तोंडं
माझंच काहीतरी परत मागत होती.
दुसऱ्या दिवशी ऐकवला. दुपारी कालवणही जेवले.

एकदा रात्री वाटलं, वाडीचंही असंच.
उंचपुरे ओढले गेले, मुंबईला, जहाजांवर,
मी साडेचार फुटांची, आसातून निसटलेली.
वहीच्या मागच्या पानावर लिहिलं
आणि खोडलं.
माणसांना ही पट्टी लावणारे होऊन गेलेत,
त्यांनी पुढे काय केलं ते मी वाचलंय.
कोण उरलं ते ही पट्टी सांगते.
कोण बरं, ते तिला विचारू नये.

काल बाबांनी नवं जाळं धरलं.
सुई भरली, मला हाक मारली,
'घाल बोटां.'
मी चार घातली.
माझ्याकडे बघत राहिले.
'उपाशी मरतलंव,' म्हणाले,
आणि चारावरच विणू लागले.

मी बोलले नाही
की चार बोटांतही अडकणार ती मोठीच,
की उतरायला तुमचा सगळा जन्म लागला,
परत चढायला किती,
त्याचा रकाना वहीत नाही.
दुसऱ्या अर्थाची आस तर
कोणत्याच पट्टीवर नाही.

गाठीवर गाठ पडत होती.
बोटं अजून आतच होती माझी,
भोवती दोरा हळूच आवळला.
'काढ आता,' बाबा म्हणाले.